मोज्यातल्या बाटल्या

"पिकलंय का?"

आवाज वरून आला. मी मान वर केली. बाटल्यांनी भरलेल्या भिंतीला शिडी टेकवलेली होती आणि तिच्या टोकावर एक माणूस दोन बाटल्या कवेत घेऊन बसला होता. चेहरा अगदी गंभीर. हसू मात्र ओठांच्या कोपऱ्यात कसंबसं अडवून धरलेलं.

"काय पिकलंय?" मी विचारलं.

"कलिंगड. तुम्ही वाजवून बघताय ना, म्हणून म्हटलं."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी रेड वाइनच्या बाटल्यांना एकामागून एक टिचक्या मारत चालले होते. सवय, दुसरं काय! मी लोकांचे कान तपासते. दिवसभर बारीक बारीक आवाज ऐकवायचे आणि समोरच्याला ते ऐकू येतात का बघायचं, हेच माझं काम. घरीसुद्धा मी पेला हातात आला की आधी वाजवते आणि मग पाणी पिते. पण हे सगळं शिडीवरच्या परक्या माणसाला कोण सांगत बसणार? मी म्हटलं, वाजवून काही कळत नाही, म्हणूनच कुणाला तरी विचारायला आले होते. पण ज्याला विचारायचं तो माणूस फारच उंचावर दिसतोय.

"येतो की खाली," तो म्हणाला, आणि आला. खाली आल्यावरही तसा तो उंचच होता.

खरं तर हे काम माझं नव्हतंच, माझ्या ताईचं होतं. ताई घोटभर मंडळाची सभासद. हे मंडळ काढलं मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या दोघींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी. ऋतू बदलला की दहा-बारा माणसं जमतात आणि पाच रेड वाइन घोटघोट चाखून बघतात. दर वेळी बाटल्यांची निवड एका सभासदाची. बाटल्यांवर लांब लोकरी मोजे चढवलेले असतात, म्हणजे कुणाला नाव दिसू नये, भाव कळू नये. सगळे गुण देतात, मग मोजे काढायचे, आणि जी पहिली येईल ती मंडळ पुढचा ऋतू येईपर्यंत घेतं. अट एकच. बाटली सगळ्यांच्या खिशाला झेपणारी हवी. "महागाची चांगली बाटली कुणीही आणील," मोठ्या बाई म्हणतात. "स्वस्तातली चांगली आणा, मग मानलं."

या वेळी पाळी ताईची होती आणि ताईनं ऑफिसच्या जिन्यात पाय मुरगळून घेतला होता. आता ती उशीवर पाय ठेवून सोफ्याच्या उंटावरून शेळ्या हाकत होती आणि त्यातली मुख्य शेळी मी होते. मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही, हे मी तिला तीनतीनदा सांगितलं. ती म्हणाली, कळत नाही तेच बरं, उगाच मतं मांडणार नाहीस.

मी हे सगळं त्याला सांगत असतानाच मध्ये एक गिऱ्हाईक आलं. कोट-टायमधले गृहस्थ, अंगात घाई. सासऱ्यांच्या वाढदिवसासाठी त्यांना दुकानातली सगळ्यात महाग बाटली हवी होती. गल्ल्यावर बसलेल्या मालकीणबाईंचे डोळे लकाकले. हा मात्र त्या गृहस्थांना विचारत बसला, की सासरे काय खातात, वाइन सावकाश पितात की घटाघट, आणि तुमच्यावर खूश असतात की नाराज. बोलता बोलता कळलं, की सासरे वाइनमध्ये चक्क बर्फ घालतात. मग यानं ती महागाची बाटली हळूच जागेवर ठेवली आणि एक साधी, फळांच्या चवीची, बर्फ घातला तरी रुसणार नाही अशी बाटली त्यांच्या हातात दिली. गृहस्थ सुटल्यासारखे हसत गेले.

"असा भाचा असला की माणसाला वेगळा शत्रू लागत नाही," मालकीणबाई मला म्हणाल्या.

त्यांना सगळी गल्ली मावशी म्हणायची आणि हा त्यांच्या बहिणीचा मुलगा, म्हणून तो सगळ्यांचाच भाचा. मी त्याला भाचेबुवा म्हणायला लागले, ते मात्र माझं मीच. पहिल्याच दिवशी माझ्या मनात आलं होतं, की विकायला बसलेला माणूस इतका खरा कसा असू शकतो... आणि असला तर तो अजून दुकानात कसा?

उत्तर मावशींनीच दिलं, आणि तेही आढेवेढे न घेता. दुकानाच्या वर एक मोठी खोली होती, खोक्यांनी भरलेली. तिथे लांब टेबल टाकायचं, लोकांना बसवून वाइन चाखवायची, समजावून सांगायची आणि मग विकायची, हे भाच्याचं स्वप्न. मावशींना ते पटत नव्हतं. शेजारचा छत्रीवाला त्या खोलीचं भाडं द्यायला तयार होता. हंगाम संपेपर्यंत भाच्यानं एक तरी कायमचं मंडळ त्या खोलीत आणून दाखवावं, नाहीतर खोली छत्र्यांना जाईल आणि भाचा त्याच्या वडिलांकडे, दूरच्या शहरात, फरश्यांच्या धंद्यात.

"फरश्या वाईट नसतात," भाचेबुवा म्हणाले. "फक्त त्या चाखता येत नाहीत."

मला काय झालं कोण जाणे. मी तिथल्या तिथे म्हणून टाकलं, की घोटभर मंडळ या वेळी वरच्या खोलीत बसेल. मोठ्या बाईंना विचारलं नव्हतं, ताईला विचारलं नव्हतं. घरी जाऊन ताईला सांगितलं तेव्हा तिनं पायाखालची उशी सारखी केली आणि विचारलं, "दिसायला कसा आहे?"

"कोण?"

"खोली," ताई म्हणाली.

मोठ्या बाई मात्र चटकन तयार झाल्या. त्यांच्या जेवणघरात इतकी माणसं मावत नव्हती, कोपराला कोपर लागून वाइन सांडायची. पण त्यांनी बजावलं, की आवडलं तरच पुढे. ओळखीखातर गुण द्यायची त्यांच्या मंडळात पद्धत नाही.

मग रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून मी दुकानात जायला लागले. वरच्या खोलीतली खोकी आम्ही एका भिंतीला रचली. खिडकीखाली टेबल ओढलं. एक माळीकाम करणारी बाई खाली फुलझाडांच्या कुंड्यांना पाणी घालायची, त्या ओल्या मातीचा वास वर यायचा आणि भाचेबुवा म्हणायचे, थांबा, हा जाऊ दे, मग पेला नाकाशी न्या.

चाखायचं म्हणजे प्यायचं नाही, हा मला बसलेला पहिला धक्का. तोंडात घोळवायची आणि बादलीत थुंकायची. मी ठाम नकार दिला. परक्या पुरुषासमोर थुंकायचं म्हणजे काय! त्यांनी शांतपणे बादली उचलली, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "मी खिडकीबाहेर बघतो. तुमचं झालं की सांगा." मी थुंकले. निम्मं बादलीत, निम्मं माझ्या बुटांवर. हसू आवरताना त्यांचे खांदे हलत होते, ते मला मागून स्पष्ट दिसलं. माझं म्हणाल, तर ज्या माणसासमोर थुंकताना लाज वाटेनाशी होते, त्याच्यापुढे पुढचं बरंच सोपं जातं.

त्यांची निवडायची रीत मला फार आवडली. जिथली वाइन जगभर गाजली, त्या गावाच्या वाटेला ते जातच नसत. त्याच्या शेजारच्या गावाची घ्या, म्हणायचे. ऊन तेच, डोंगरउतार तोच, फक्त पाटी वेगळी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा अशा बाटल्या त्यांनी मला एकेक करून दाखवल्या. बाटली उचलून जड लागली तर समजा, तुम्ही काचेचे पैसे देताय. आणि मंडळासाठी पाच बाटल्या निवडायच्या, तर पाचही गुणी असून चालत नाही, पाच जणींचा एकमेकींशी मेळ बसावा लागतो. आधी हलकी, मग भरदार. पहिल्याच घोटाला तुरटपणानं जीभ आवळली, तर पुढची बिचारी कितीही गोड बोलली तरी कुणी ऐकत नाही.

एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, ही कशी वाटते? मला शब्द सापडेनात. फुलं, मसाले, ओलं लाकूड, असलं काही मला जाणवतच नव्हतं. मी संकोचत म्हटलं, "ही... बारीक आवाजाची आहे. पण लांबवर ऐकू जाईल अशी."

मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी पुन्हा एक घोट घेतला आणि डोळे मिटले. "आणि ही?" त्यांनी दुसरी ओतली.

"ही मोठ्यानं बोलते, पण दारातून बाहेर पडली की संपली."

"आजवर मी हे चार वाक्यांत सांगत होतो," ते म्हणाले. त्या रात्री घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते. आपल्याला जे येत नाही त्याची इतकी वर्षं लाज वाटावी आणि कुणीतरी म्हणावं, की तुमच्याजवळचं हे काहीतरी वेगळंच आहे... याच्याइतकं डोक्यात चढणारं कुठल्या बाटलीत असतं?

मग एक दिवस तेच दवाखान्यात आले. म्हणे मावशीची तक्रार आहे, भाच्याला ऐकू येत नाही. विशेषतः ती "पुरे" म्हणते ते तर कधीच ऐकू येत नाही. त्यांना बाहेर बसावं लागलं, कारण आत एक आजोबा होते आणि त्यांच्या कानात मी नवीन यंत्र बसवत होते. आजोबांनी सहज वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि थबकले. कित्येक वर्षांनी त्यांना कागदाची सळसळ ऐकू आली होती. ते तेच पान पुन्हापुन्हा उलटत राहिले. मी त्यांना हवं तितकं उलटू दिलं. उघड्या दारातून भाचेबुवा बघत होते, हे मला ठाऊक होतं, आणि ते बघतायत म्हणून मी जरा जास्तच कामात असल्यासारखं दाखवत होते, हेही खरंच.

मग मी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काचेच्या या बाजूनं अगदी बारीक सूर सोडत गेले. सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मग सूर नसतानाच बटण दाबलं जायला लागलं. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. मी दार उघडून विचारलं, आवाज नसताना का दाबताय?

"तुम्ही मान वर करून बघितलंत, तेव्हा दाबलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, कान उत्तम आहेत, लक्ष मात्र ठिकाणावर नाही, आणि त्यावर माझ्याकडे इलाज नाही. हे म्हणताना माझा स्वतःचा आवाज किती चढला होता, ते मला नंतर कळलं. जाताना दारात थांबून ते म्हणाले, "त्या आजोबांना तुम्ही जराही घाई केली नाहीत. मी बघत होतो." एवढंच म्हणाले आणि गेले. मी पुढच्या पेशंटला उजव्या कानाऐवजी डाव्या कानाचा रिपोर्ट समजावून सांगत बसले.

असे ते दिवस भुर्रकन गेले. चाखणीच्या आदल्या दिवशी आम्ही पाच बाटल्या नक्की केल्या. पाचवी त्यांच्या जिवातली. एका म्हाताऱ्या नवराबायकोंनी जुन्या वेलींच्या द्राक्षांची केलेली, भाव साधा, नाव कुणी ऐकलेलं नाही. तिच्यावर त्यांचा सगळा भरवसा होता. जिच्यामुळे खोली मिळेल ती हीच, असं ते म्हणायचे. बाद झालेल्या बाटल्यांत जे उरलं होतं, ते त्यांनी एका रिकाम्या, लेबल नसलेल्या बाटलीत एकत्र ओतलं आणि बूच लावून ठेवलं. मावशी तेच वापरायच्या, स्वयंपाकाला.

रविवारची दुपार उजाडली... म्हणजे आमच्यासाठी तो दिवस दुपारीच उजाडला, कारण सकाळभर नुसती धावपळ. मी टेबलावर पेले मांडत होते. माझ्या मागे, छोट्या खोलीच्या दारात, भाचेबुवा बाटल्या उघडून एकेकीवर मोजा चढवत होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि पेल्यांचे गोल गोल कवडसे छतावर हलत होते. मला एकाएकी वाटलं, आज हे मंडळाला आवडलं नाही, तर पुढच्या रविवारी या खोलीत छत्र्या असतील आणि हा माणूस गाडीनं सात-आठ तासांच्या अंतरावर कुणाला तरी फरश्या दाखवत असेल. सासरे नाराज आहेत की खूश, असं विचारत असेल.

मी मागे न वळता म्हटलं, "तुम्ही गेलात तर मला करमणार नाही."

लोकरीचा मोजा काचेवरून सरकल्याचा आवाज तेवढा आला. कान तर मीच तपासले होते, म्हणजे ऐकू नक्कीच गेलं होतं. मी वळणार तोच जिन्यावर पावलं वाजली आणि मोठ्या बाई आल्या. त्यांच्या मागे मंडळ, आणि सगळ्यांच्या मागे काठी टेकत, एकेका पायरीवर "आई गं" करत माझी ताई.

आता विचारायची सोयच उरली नाही. मी ओतायला घेतलं. मोठ्या बाई टेबलाच्या टोकाशी बसल्या. मंडळातले दातांचे डॉक्टर पेला गरागरा फिरवत नेहमीसारखं भाषण करू लागले. भाचेबुवा मात्र सुरेख बोलले. कमी बोलले, पण ज्याला जे विचारायचं होतं ते विचारू दिलं. पहिली हलकी, जराशी थंड करून दिलेली. तिला बरे गुण. दुसरी, ती बारीक आवाजाची. तिला फार चांगले. तिसरी, चौथी. ताईनं मला डोळ्यांनीच सांगितलं, जमतंय. आणि मग पाचवी.

पाचवी मी ओतली. डॉक्टरांनी पेला फिरवायचा थांबवला. मोठ्या बाईंनी दुसरा घोट घेतला, जो त्या कधी घेत नसत. "हे काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. कुणी म्हणालं, घोटाघोटाला बदलते. कुणी म्हणालं, एका बाटलीत पाच बाटल्या आहेत. मी आनंदानं भाचेबुवांकडे बघितलं. त्यांनी नुकताच स्वतःचा घोट घेतला होता आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

ते उठून मागच्या छोट्या खोलीत गेले. मोजे चढवायच्या बाटल्या तिथेच ठेवलेल्या होत्या. मी मागोमाग गेले. तिथे फळीवर पाचवी बाटली उघडी उभी होती, लेबलासकट, काठोकाठ भरलेली.

"मी मोजा भलत्याच बाटलीला घातला," ते म्हणाले. "बाहेर ते मावशीच्या स्वयंपाकाची वाइन पिताहेत."

मग माझं डोकं चालायला लागलं, आणि ते नको त्या दिशेनं चाललं. मी हळूच म्हटलं, अजून मोजे काढलेले नाहीत. मी बाटली आत आणते, मोजा बदलते, या बाटलीतली थोडी ओतून कमी करते. कुणाला कळणारसुद्धा नाही. तुमचीच बाटली पहिली येईल. खोली तुमची होईल.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही... फार मायेनं बघितलं, म्हणून जास्त लागलं.

"मग ते ऋतूभर ही घेतील," ते म्हणाले, "आणि प्रत्येक बाटली उघडताना आज चाखलेली चव शोधतील. ती त्यांना कधीच सापडणार नाही. मला या खोलीत बसून लोकांना तेवढंच तर द्यायचं होतं, की आपण काय पितोय ते त्यांना कळावं."

मला वाटलं, हा माणूस दूर गेला तरी चालेल, पण हा असाच राहायला हवा. आणि पुढच्याच क्षणाला वाटलं, नाही, अजिबात चालणार नाही. मी त्यांच्यावर प्रेम करत होते. फळीवरच्या बाटल्या, कोपऱ्यातली थुंकायची बादली, या सगळ्याच्या मध्ये उभी राहून मला ते अगदी लख्ख कळलं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा गुणांची बेरीज झाली होती. पाचवी पहिली आली होती, दुसरी दुसरी. डॉक्टर ऋतूभराची मागणी नोंदवायला उतावीळ झाले होते. "झाकली मूठ आता उघडा," मोठ्या बाई म्हणाल्या. भाचेबुवांनी मोजा ओढून काढला. आतून लेबल नसलेली बाटली निघाली.

त्यांनी सगळं सांगितलं. बाद झालेल्या बाटल्यांतलं उरलंसुरलं, स्वयंपाकासाठी ठेवलेलं. चूक माझी, ते म्हणाले. ही बाटली विकत मिळत नाही आणि पुन्हा करायची म्हटली तर मला करता येणार नाही. जिन्याच्या तोंडाशी मावशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी कपाळावर हात मारला. ताईनं पाय स्टुलावरून खाली घेतला. कुणीतरी हसलं आणि मोठ्या बाईंनी बघताच गप्प झालं.

"इतका नीटनेटका माणूस तू," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाटल्या तूच उघडल्यास, तूच लावल्यास. मोजा चढवताना लक्ष कुठे होतं?"

हा आवाज मला ओळखीचा होता. या आवाजापुढे आमच्या शाळेत कुणालाही खोटं बोलणं जमलेलं नाही. भाचेबुवांनाही जमलं नाही.

"ह्यांच्याकडे होतं," ते म्हणाले. "मी गेलो तर ह्यांना करमणार नाही, असं म्हणाल्या. तेव्हा माझ्या हातात मोजा होता. त्यानंतर मी काय केलं, ते मला खरंच सांगता येणार नाही, बाई."

ताईनं वळून माझ्याकडे बघितलं. माझे कान तापले.

"मग तू तिला काय म्हणालास?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"काहीच नाही. तेवढ्यात तुम्ही आलात."

"आता आम्ही गप्प बसलोय," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि खरंच सगळे गप्प बसले. डॉक्टरसुद्धा.

ते माझ्याकडे वळले. मोजा अजून हातातच होता. "मला कुठेही जायचं नाही," ते म्हणाले. "खोली मिळाली तर वाइन विकीन, नाही मिळाली तर फरश्या विकीन, पण विकीन ते याच गावात. तू जिथे आहेस तिथे. मला तू फार आवडतेस... हे मला आधीच सांगायला हवं होतं. उगाच लोकांना स्वयंपाकातली वाइन पाजावी लागली."

सगळे एकदम बोलायला लागले. मोठ्या बाईंनी टेबलावर बोट वाजवून निकाल दिला, की पाचवी बाद, दुसरी पहिली. ती मिळते, परवडते आणि चांगलीही आहे. मंडळ ऋतूभर तीच घेईल. आणि पुढच्या वेळी इथेच जमायचं, मात्र खुर्च्या बऱ्या आणा, या खुर्च्यांनी त्यांची कंबर धरली होती. मग खरी पाचवी बाटली आणून सगळ्यांना पाजली. डॉक्टर म्हणाले, छान आहे, पण स्वयंपाकातल्या वाइनची सर नाही.

आता मावशी टेबलापाशी आल्या, भाच्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही, त्या थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मंडळ आलं, म्हणजे खोली द्यायला मी बांधलेली आहे," त्या म्हणाल्या. "पण हा एकटा इथे बसला, तर समोरच्याला स्वस्तातली बाटली देऊन वर पाणीही पाजील. कुणीतरी याच्या शेजारी बसणारं हवं. तू सांग. ठेवून घेतेस का याला?"

मला काहीतरी चटपटीत बोलायचं होतं. एरवी मला सुचतंही. पण तोंडून निघालं ते एवढंच.

"ठेवून घेते," मी म्हटलं, आणि ताईच्या, मोठ्या बाईंच्या, सगळ्यांच्या देखत त्याचा हात धरला. हात वाइननं चिकट झाला होता. मी तो सोडला नाही.